पावसाळी मुलखात स्टेनलेसच बरा

‘स्वस्तात रोजच्या वापराचा चाकू हवा तर मोरा या स्वीडिश कंपनीचा कंपॅनियन, तोही कार्बन स्टीलवालाच घ्या, धार पटकन लागते’ हा चाकूंवरच्या एका लेखातला सल्ला स्वीडनच्या कोरड्या थंडीत ठीक आहे, आमच्या कोकणात नाही. कैरी चिरून पातं नुसतं फडक्याने पुसलं तरी काळं पडतं. जुलैत ओला चाकू म्यानात राहिला, की सकाळी मुठीपाशी तांबूस ठिपके दिसतात. खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं रोज लक्षात राहणार आहे का?

त्याच कंपॅनियनचा स्टेनलेस प्रकार १२सी२७ नावाच्या, सहसा न गंजणाऱ्या पोलादाचा असतो आणि साध्या दगडावरही त्याला छान धार येते. लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही, हे खटकलं. घडीचा नसल्याने मासे साफ केल्यावर नळाखाली धरला की काम झालं, सांध्यात खवलं अडकत नाहीत.