रिकाम्या बाकांचं खापर मुलांच्या फोनवर फोडू नका

कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलचा, हंगाम उतरणीला लागला की आमच्या अमेरिकेतल्या मराठी गटांवर एक मजकूर फिरू लागतो. कुणी लिहिला माहीत नाही, पण फॉरवर्ड सगळे करतात. त्याचा सारांश असा: स्टेडियमं ओस पडत चालली आहेत. आजच्या मुलांच्या हातातून फोन सुटत नाही, ती खोलीत लोळत सामना बघतात. टीव्हीने गर्दी खाल्ली. आणि गर्दी गेली की विद्यापीठ आणि गाव यांचं नातंही गेलं, कारण ही गावं जगतात फुटबॉलवर.

मी मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरमध्ये राहते. मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम, ज्याला इथे सगळे 'बिग हाउस' म्हणतात, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याची क्षमता 1,07,601, आणि 2020 च्या जनगणनेत अख्ख्या गावाची लोकसंख्या 1,23,851. सामन्याच्या शनिवारी सकाळपासून पिवळ्या-निळ्या कपड्यांतली माणसं रस्त्याने वाहत असतात. समोरच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारात गाड्या लागतात, डिकी उघडून शेगड्या पेटतात, आणि त्या पार्किंगचे पैसे शाळांना मिळतात. हे सगळं मला मनापासून आवडतं, म्हणूनच तो मजकूर वाचून गप्प बसवत नाही.

आधी त्यात खरं आहे ते. घट झाली आहे. सर्वोच्च गटातल्या संघांच्या सामन्यांना 2008 मध्ये सरासरी 46 हजारांवर प्रेक्षक होते, 2018 मध्ये ते 42 हजारांच्या खाली आले. शिवाय हे आकडे जाहीर केलेले. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने 2018 मध्ये फाटकावर प्रत्यक्ष स्कॅन झालेली तिकिटं मोजली, तेव्हा ती जाहीर आकड्याच्या सरासरी 71 टक्केच निघाली. सरासरी उतरण्यामागे थोडं गणितही आहे: 2008 मध्ये या गटात सुमारे 120 संघ होते, 2024 मध्ये 134 झाले, आणि नवे आलेले बहुतेक लहान स्टेडियमवाले. पण गणिताने सगळी घट धुऊन निघत नाही. बाक रिकामे आहेत. ते कुणी रिकामे केले, एवढाच माझा वाद आहे.

'मुलांच्या हातातून फोन सुटत नाही.' या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण मुलांनी पाठ फिरवल्याचं जे उदाहरण माझ्याच गावात घडलं, त्यात फोनचा काही संबंध नव्हता. 2013 च्या हंगामात क्रीडा विभागाने विद्यार्थ्यांच्या ठरलेल्या जागा काढून घेतल्या आणि 'जो आधी येईल त्याला पुढची जागा' असा नियम केला. मुलांनी लवकर यावं हा हेतू होता. पण वसतिगृहातली आठ-दहा जणांची टोळी एकत्र बसायची, ती फुटली. वर हंगामाचं तिकीट तीनशे डॉलरच्या आसपास नेऊन ठेवलं. पुण्या-नागपूरहून आलेल्या आणि शिष्यवृत्तीवर महिना काढणाऱ्या मुलांना विचारा, तीनशे डॉलर म्हणजे किती आठवड्यांचा किराणा. आणि 2014 मध्ये ओहायो स्टेट, मिशिगन स्टेट, नॉत्र दाम हे तिन्ही मोठे सामने बाहेरगावी होते. म्हणजे पैसे मोठ्या सामन्यांचे आणि बघायचं काय, तर उरलेसुरले.

व्हायचं तेच झालं. मुलांनी हजारोंच्या संख्येने तिकिटं घेतली नाहीत. त्या सप्टेंबरमध्ये मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यासाठी दोन कोकच्या बाटल्या घेतल्या की दोन तिकिटं मोफत, अशी वेळ आली. त्याच सामन्यात डोक्याला मार लागलेला क्वार्टरबॅक (संघाची चाल चालवणारा खेळाडू) खेळत राहिला आणि सगळा राग उफाळून आला. 30 सप्टेंबरला मुलं मोर्चा घेऊन विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरासमोर उभी राहिली. 31 ऑक्टोबरला क्रीडा संचालक डेव्ह ब्रँडन यांनी राजीनामा दिला. ज्यांना खेळाशी घेणंदेणं नाही, ती मुलं तिकिटाच्या दरासाठी आणि एका जखमी खेळाडूसाठी रस्त्यावर उतरतील का?

पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांचं तिकीट 175 डॉलरवर आणलं, जिम हारबॉ प्रशिक्षक म्हणून आले, आणि मुलं परतली. संघाचं नशीब बदललं हाही त्यातला मोठा भाग होता, हे मान्य. पण फोन तर 2014 मध्येही त्याच खिशात होता आणि 2015 मध्येही.

एक गोष्ट मात्र मजकूर लिहिणाऱ्यांनी जरूर बघावी. 8 नोव्हेंबर 1975 पासून बिग हाउसमधल्या प्रत्येक सामन्याचा अधिकृत आकडा एक लाखाच्या वर आहे. अपवाद फक्त 2020 चा, महामारीत प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. तिकिटं कोकच्या बाटल्यांबरोबर वाटली, त्या 2014 मध्येही आकडा लाखाच्या खाली गेला नाही. मग अशा आकड्यावरून कुणाचं कुणाशी नातं तुटलं किंवा टिकलं, हे कसं ठरवणार?

'टीव्हीने गर्दी खाल्ली.' हे रडगाणं सत्तर वर्षांहून जुनं आहे. 1951 मध्ये एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेने नेमक्या याच भीतीने थेट प्रक्षेपणावर निर्बंध घातले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ते झुगारून पाहिले, पण संघटनेतून हाकलण्याची धमकी आल्यावर त्यांनाही मागे यावं लागलं. 1984 मध्ये ओक्लाहोमा आणि जॉर्जियाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी मोडली आणि प्रक्षेपण मोकळं झालं. मग गर्दी लगेच आटायला हवी होती. पण सरासरीचा उच्चांक आला 2008 मध्ये, तब्बल 24 वर्षांनी.

टीव्हीचा दोष नाही असं मी म्हणत नाही. दोष वेगळ्या ठिकाणी आहे: तो सामना घरात दाखवण्यात नाही, स्टेडियममधल्या माणसाला गृहीत धरण्यात आहे. सामना किती वाजता सुरू होणार हे वाहिन्या ठरवतात, बहुतेकदा 12 दिवस आधी आणि कधी तर 6 दिवस आधी. ग्रँड रॅपिड्स शहरातून दोन लहान मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाने दुपारचं गृहीत धरायचं की रात्री साडेसातचं? त्यात जाहिरातींमुळे खेळ थांबून थांबून चालतो. नोव्हेंबरच्या थंडीत ॲल्युमिनियमच्या बाकावर कुडकुडत, जाहिरात संपायची वाट बघणारा संघ पाहण्यात काय गंमत? मिशिगन ज्या संघगटात खेळतं त्या बिग टेन परिषदेने 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीबरोबर सात वर्षांचा सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. तिकीट काढून येणाऱ्याला दुय्यम ठरवायचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला आहे. त्याचं बिल विद्यार्थ्यांच्या नावावर कशाला?

'गाव जगतं फुटबॉलवर.' वर्षाला सात-आठ शनिवार हॉटेलं, खाणावळी, बार तुडुंब भरतात. काही दुकानदारांचं वर्षाचं गणित त्यावर बसतं, हे मी डोळ्यांनी बघते. पण बाडे, बाउमन आणि मॅथेसन या अर्थतज्ज्ञांनी 63 महानगर क्षेत्रांचे 1970 ते 2004 चे आकडे तपासले, तेव्हा कॉलेज फुटबॉलमुळे तिथल्या रोजगारात किंवा उत्पन्नात दखल घेण्याजोगा फरक त्यांना सापडला नाही.

'गर्दी गेली की नातं गेलं.' ॲन आर्बरच्या एका जमीन कंपनीने 40 एकर जागा देऊ केली आणि 1837 मध्ये विद्यापीठ डेट्रॉइटहून इथे आलं. मिशिगनचा पहिला फुटबॉल सामना झाला 1879 मध्ये. म्हणजे खेळाच्या चाळीस वर्षं आधी हे नातं जमिनीवरून जुळलं, आणि आजही त्याची ओढाताण जमिनीवरूनच चालते. फायझर हा शहराचा सगळ्यात मोठा करदाता होता. 2007 मध्ये कंपनीने इथलं संशोधन केंद्र बंद करायचं जाहीर केलं आणि सुमारे 2,100 नोकऱ्या गेल्या. 2009 मध्ये विद्यापीठाने ती 174 एकरांची जागा 10 कोटी 80 लाख डॉलरला घेतली. प्रयोगशाळा पुन्हा गजबजल्या, नव्या नोकऱ्या आल्या, ते चांगलंच झालं. पण विद्यापीठाला मालमत्ता कर नाही, त्यामुळे ती जागा कराच्या यादीतून गेली. हा भार बाकीच्या घरमालकांवर आणि भाडेकरूंवर किती पडतो, यावर गावात जे वाद होतात ते खरे नात्याचे वाद.

शिकागो विद्यापीठाचं बघा. अध्यक्ष हचिन्स यांच्या काळात 1939 मध्ये त्यांनी मोठ्या पातळीवरचं फुटबॉल सोडून दिलं. रिकाम्या झालेल्या स्टॅग फील्ड या त्यांच्या स्टेडियमच्या पश्चिम गॅलरीखाली 2 डिसेंबर 1942 रोजी भौतिकशास्त्रज्ञ फर्मींच्या गटाने पहिली नियंत्रित अणुविखंडनाची साखळी-प्रक्रिया घडवली. विद्यापीठ काही संपलं नाही. शेजारच्या वस्त्यांशी त्याचं बिनसलं ते पन्नास-साठच्या दशकांत, शहर-पुनर्रचनेच्या नावाखाली कृष्णवर्णीय कुटुंबांना घरं सोडावी लागली म्हणून.

आणि जिथे फुटबॉलनेच गाव जोडलेलं होतं, तिथलंही उदाहरण आहे. बर्मिंगहॅम शहरातल्या 'अलाबामा विद्यापीठ, बर्मिंगहॅम' या विद्यापीठाने डिसेंबर 2014 मध्ये संघ बंद केला. सहा महिन्यांत विद्यार्थी, व्यापारी आणि शहर यांनी पैसे उभे करून निर्णय फिरवायला लावला. 2017 मध्ये संघ मैदानात परतला, तेव्हा पहिल्या सामन्याला 45 हजारांवर माणसं आली. बंद होण्याआधी तिथे गर्दी बेताचीच असायची. म्हणून त्या गावाला विद्यापीठाबद्दल काही वाटत नव्हतं, असं म्हणता येईल?

आमच्याकडे विद्यार्थ्यांची संख्या 50 हजारांच्या पुढे गेली आहे आणि भाडी त्यांच्याबरोबर वाढत राहिली. 2023 च्या वसंतात सुरू झालेला अध्यापन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा संप पाच महिने चालला तो वेतनासाठी, आणि त्याच्या मुळाशी इथलं न परवडणारं जगणं होतं. मार्चिंग बँडचं जुनं सरावाचं मैदान, एल्बेल फील्ड, आता 2,300 विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी दिलं गेलं आहे. बँड जवळच्याच नव्या मैदानावर गेला. स्टेडियम तिथून पायी काही मिनिटांवर. त्या खोल्यांतल्या मुलांना शनिवारी ड्रमचा आवाज ऐकू येईलच. ती खाली उतरून स्टेडियमकडे चालू लागतील की नाही, हे तिकिटाच्या दरावर, सामन्याच्या वेळेवर आणि मित्रांशेजारी जागा मिळते की नाही यावर ठरेल.