‘यादीत नाव नाही? चॅलेंज व्होट मागा’ : हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

2 डिसेंबर 2025 ला राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी मतदान झालं, तेव्हाही तो जुना मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरला. त्यात तीन गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि ‘कलम 49अ’ खाली चॅलेंज व्होट मागा. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा. आणि एखाद्या केंद्रावर 14 टक्क्यांहून जास्त टेंडर मतं पडली तर तिथे फेरमतदान होतं. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण ऐन मतदानाच्या दिवशी यामुळे माणसाचं नुकसान होतं.

पहिला दावा साफ खोटा आहे. यादीत नाव नाही तर मत नाही. आधार असो, पासपोर्ट असो. चॅलेंज, म्हणजे आक्षेप, मतदार घेत नाही. तो उमेदवाराचा पोलिंग एजंट घेतो: ‘यादीत नाव आहे, पण समोर उभा आहे तो हा माणूस नाही.’ एजंट थोडी रक्कम भरतो (विधानसभेच्या नियमांत ती दोन रुपये आहे), केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात आणि आक्षेप टिकला नाही तर त्या मतदाराला मत देऊ देतात. म्हणजे नाव यादीत असणं इथेही गृहीतच धरलेलं आहे. आणि ते 49अ? 1961 च्या निवडणूक संचालन नियमांत त्या क्रमांकाखाली मतदान यंत्राची रचना कशी असावी ते दिलं आहे. शिवाय ते नियम लोकसभा-विधानसभेचे. पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, ती राज्याच्या कायद्याखाली.

नावं गळाल्यासारखी का वाटतात, हे इथे समजून घ्यायला हवं. राज्य आयोग स्वतःची यादी बनवत नाही. विधानसभेची यादी घेऊन तिचे प्रभागवार तुकडे करतो. या वेळी 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. त्यानंतर नाव नोंदवलेल्याला कार्ड हातात असूनही मत नव्हतं. तुकडे करताना एखादी गल्ली शेजारच्या प्रभागात जाते, एकाच घरातली नावं दोन प्रभागांत विभागली जातात. हे दुरुस्त करायची वेळ प्रारूप (म्हणजे कच्ची) यादी लागते तेव्हाची, म्हणजे या खेपेला ऑक्टोबरची. तेव्हा ‘यादी तपासा’ असा मेसेज कोणी पाठवत नाही, याचा मला खरंच राग येतो.

टेंडर व्होट मात्र खरं आहे. त्याला प्रदत्त मत म्हणतात. केंद्राध्यक्ष ओळखीची खात्री करून घेतात, सही घेतात आणि कागदी मतपत्रिका देतात. मशीनला हात लागत नाही. ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात सीलबंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. मग मागायची कशाला? राजस्थानात 2008 च्या विधानसभा निवडणुकीत नाथद्वाऱ्यात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा अशाच प्रदत्त मतांवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल इतका अटीतटीचा असेल तर त्या पाकिटाला किंमत येते. म्हणून हा हक्क सोडू नका.

14 टक्क्यांचा नियम कुठल्याही कायद्यात नाही. हिशेबही करून बघा: 800 मतं पडलेल्या केंद्रावर 112 जणांच्या नावावर दुसऱ्यांनी मतं टाकलेली असतील, तर तो प्रकार टक्केवारीची वाट बघण्यापलीकडे गेलेला असतो. फेरमतदानाचा निर्णय आयोग घेतो, तोही यंत्र फोडणं, केंद्र ताब्यात घेणं अशा घटना पाहून.

तेव्हा मतदानाच्या दिवशी नाव सापडलं नाही तर केंद्राध्यक्षांशी कलमावरून वाद घालत बसू नका. शेजारच्या प्रभागाच्या यादीत शोधा, घरातल्या इतरांची नावं कुठे आहेत ते बघा. नाव तिकडे असेल तर मत तिकडेच देता येतं. वेळ संपायच्या आत त्या केंद्राच्या रांगेत उभे राहा.