आवडता चित्रपट कोणता, या प्रश्नाचे खरे उत्तर

आज दुपारी एक फोन आला आणि तेव्हापासून मी घुश्श्यात आहे. आमच्या परभणीतल्या एका वाचक मंडळाने पुढच्या महिन्यात ‘माझा आवडता चित्रपट’ असा कार्यक्रम ठेवला असून बोलणाऱ्यांच्या यादीत माझेही नाव आहे. मी गेल्याच आठवड्यात चित्रपट कळवला होता: ‘पुराना मंदिर’, हिंदी भयपट, १९८४, दिग्दर्शक तुलसी आणि श्याम रामसे. फोन करणारा सचिव माझाच जुना विद्यार्थी. त्याने आधी प्रकृतीची, मग पावसाची, मग सोयाबीनची चौकशी केली आणि शेवटी घसा खाकरून म्हणाला, “सर, तेवढं नाव बदलता का? बाकीच्यांनी सगळी चांगली नावं दिलीत.” मी काहीच बोलत नाही हे पाहून त्याने तोडगाही काढला. “नाहीतर असं करू सर, तुमचं शेवटी घेऊ, हलकंफुलकं म्हणून. लोक हसतील तरी.”

लोक हसतील तरी! २८ वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. भरतमुनींनी आठ रस सांगितले, त्यांत भयानक आहे, बीभत्स आहे, अद्भुतही आहे, हे याच मुलाकडून मी पाठ करून घेतले होते. उत्तरपत्रिकेत भयानक रसाचे उदाहरण लिहून गुण मिळवायचे आणि प्रत्यक्षात त्या रसाचा चित्रपट कुणी आवडीने पाहतो म्हटले की खाली मान घालायची, हा कुठला न्याय? शृंगाराला आणि करुणाला पाटावर बसवायचे, भयानकाला मात्र ओसरीवरूनच वाटेला लावायचे, अशी ही पंगत आहे.

आता मी हा चित्रपट कुठे पाहिला ते सांगतो. १९८६चा उन्हाळा होता. नववीची परीक्षा देऊन मी जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी आलो होतो. घरटी दोन रुपये वर्गणी काढून गावाने परभणीहून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणला होता. मारुतीच्या पारासमोर बैलगाडी उभी करून, तिच्या चाकांना दगड लावून, वर टीव्ही मांडला होता. चित्र पांढरे पडू लागले की व्हीसीआरवाला पोरगा कॅसेट बाहेर काढायचा आणि दोन रुपयांच्या कोऱ्या नोटेने हेड पुसायचा. पहिला पिक्चर देवादिकांचा, दुसरा मारामारीचा, आणि बायाबापड्या लेकरे उचलून घरी गेल्यावर तिसरा हा. माझी आजी मात्र उठली नाही. निजामाच्या राज्यात वाढल्यामुळे हिंदी तिला आम्हा शाळकरी पोरांपेक्षा जास्त कळायची. सामरी नावाच्या सैतानाचे मुंडके राजा उडवतो, धड देवळामागे पुरतो आणि मुंडके पेटीत बंद करून हवेलीत ठेवतो, ही तजवीज तिला फारच पटली. ती मोठ्याने म्हणाली, “असंच पायजे. एका जागी ठिवलं तर उठतंय ते.” पुढे हवेलीत रात्रीच्या पावलांचा आवाज घुमू लागला आणि नेमकी तेव्हाच गावाची लाईट गेली.

त्या रात्रीकडे मी पुन्हा येईनच, पण आधी ‘हलकेफुलके’ या शब्दाचा हिशोब चुकता करू द्या.

रामसे कुटुंबाचा मूळ धंदा रेडिओचा. फाळणीनंतर ते मुंबईत आले. वडिलांनी काढलेल्या १९७०च्या एका चित्रपटात मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरांचा चोरीचा प्रसंग होता. चित्रपट पडला, पण तेवढ्या प्रसंगाला लोक दचकतात हे मुलांनी थिएटरात बसून हेरले. मग १९७२ साली सगळे कुटुंब महाबळेश्वरला गेले आणि त्यांनी पहिला भयपट काढला. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक ध्वनीवर, एक लेखनावर, दोघे दिग्दर्शनावर. आमच्याकडे सुगीत अख्खे घर रानात उतरते, तशी ही माणसे चित्रपटात उतरली होती. सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने स्थापत्य अभियंता. त्याचा तो उंच देह आणि लांब चेहरा बऱ्याच अंशी त्याचा स्वतःचाच होता, रंगरंगोटी वरून थोडी. हे काम हलके वाटणाऱ्याने एकदा चार माणसांना रात्री दोन वाजता खुर्चीतून दचकवून दाखवावे.

भय हाताने घडवावे लागते आणि मला त्या हाताचे कौतुक आहे. १९६० साली हिचकॉकने ‘सायको’मधल्या न्हाणीघरातल्या खुनासाठी रक्त म्हणून चॉकलेटचे सरबत वापरले आणि सुरा शिरल्याचा आवाज खरबुजात सुरा खुपसून मिळवला. त्याआधी, १९४९च्या ‘महल’मध्ये, लताबाई माईकपासून दूर उभ्या राहिल्या आणि गात गात जवळ आल्या, म्हणून ‘आयेगा आनेवाला’ ही हाक अजूनही कुठून तरी येत असल्यासारखी ऐकू येते. त्या चित्रपटात शेवटी भूत निघतच नाही, तरीही काटा येतो. १९२२च्या ‘नोस्फेरातू’ने तर ड्रॅक्युलाची कथा परवानगीवाचून उचलली म्हणून न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करायला सांगितले होते. त्यातूनही काही प्रती वाचल्या आणि आज शंभर वर्षांनंतर जिन्याच्या भिंतीवरून चढणारी ती नुसती सावली पाहताना मी पाय वर घेऊन बसतो. युक्ती कळल्यावर भीती जाते असे म्हणणाऱ्यांनी खरबूज कापताना एकदा कान देऊन ऐकावे.

तर त्या रात्री लाईट गेली. कोणी उठले नाही, कारण उठून अंधारात एकट्याने घरी जाण्याची कोणाची छाती नव्हती. आम्ही पोरे एकमेकांना खेटून बसलो होतो. त्या अंधारात आजी एकाएकी बोलू लागली. रझाकारांच्या दिवसांत, म्हणजे १९४८ साली, दोन लहान नणंदांना घेऊन ती आमच्या वाड्याच्या भिंतीतल्या बळदात लपली होती. बळद म्हणजे धान्य साठवायची बंदिस्त पोकळी. त्यात ज्वारी होती आणि ज्वारीवर या तिघी. वर माळवदावर कोणी चालले की माती गळायची. ती गळणारी माती चेहऱ्यावर पडली की धाकटीला शिंक येईल म्हणून आजीने तिचे नाक पदराने दाबून धरले होते. “वरून माती गळाली की समजायचं, हाय कुणीतरी,” एवढे बोलून ती थांबली. माझ्या वडिलांनीही हे तिच्या तोंडून तोवर कधी ऐकले नव्हते. ज्या प्रसंगाने तिचे तोंड उघडले तो पडद्यावरच्या पावलांचा होता आणि तो चित्रपट ‘चांगल्या नावां’पैकी नव्हता.

मान्य, त्यात विनोदी नट जगदीपचा मच्छरसिंग आहे आणि तो सहन होत नाही. आंघोळीचे प्रसंगही आहेत, ते लागले तेव्हा मी आजीशेजारी बसून जमीन उकरत होतो. शिवाय घराण्याच्या शापाची किंमत बाळंतीण होणाऱ्या बायकांनी चुकवायची, हे आज पाहताना खटकते. पण ‘चांगल्या’ नावांच्या किती चित्रपटांत बायकांची याहून बरी सोय आहे, हे कोणी विचारू नये, म्हणजे मीही सांगणार नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ‘तुंबाड’ २०१८ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्याकडच्या ज्या मंडळींनी नारायण धारपांची भयकथांची पुस्तके आयुष्यभर उशीखाली लपवून वाचली, ती एका रात्रीत भयपटाची जाणकार झाली. चित्रपट उत्तमच आहे, मी तीनदा पाहिला. पण बाहेरच्यांनी टाळी वाजवेपर्यंत आपले हात मांडीखाली दाबून का ठेवायचे? आणि रामसेंच्या चित्रपटांचे तुकडे तोडून, मागे हसण्याचा आवाज लावून, त्यांच्या रील फिरवणाऱ्या पोरांना तर मी काय बोलू! त्यांना मुखवट्याची शिवण दिसते. ती आम्हालाही दिसत होती. आम्ही ती पाहूनही घाबरायला तयार होतो, एवढाच फरक.

अर्ध्या तासाने लाईट आली. पोराने नोटेने हेड पुसले, कॅसेट पुन्हा लागली, आणि थोड्याच वेळात सामरीचा चेहरा सगळा पडदा भरून समोर आला. पोरे किंचाळली. आजीने तोंडावरचा पदर बाजूला केला, त्याच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, “हे बरं हाय बाबा. थोबाडावरून कळतंय तरी.”

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे सांभाळून ठेवले आहे आणि आज प्रथमच लिहितो आहे. खरे तर इथवर टंकताना माझा राग बराच उतरला, कारण दुसरी एक गोष्ट आठवली. स्टाफरूममध्ये मला आवडता चित्रपट विचारला गेला की मीही एखादे वजनदार नाव पुढे करत आलो. सगळे मान डोलवायचे आणि मी त्याच रात्री घरातल्यांना झोपू देऊन, आवाज बारीक करून, ‘पुराना मंदिर’ लावायचो. विद्यार्थ्याने मला चित्रपटाचे नाव बदलायला सांगितले ते आज, पण मी स्वतःच ते इतकी वर्षे बदलत होतो. तेव्हा त्या बिचाऱ्याला किती बोलायचे?

हे लिहिता लिहिताच त्याचा निरोप आला आहे. “सर, रागावू नका. खरं सांगतो, मी तो पिक्चर पूर्ण पाहिलेलाच नाही, फक्त रील पाहिल्यात.” मी उत्तर पाठवले की कार्यक्रमपत्रिकेत नाव तेच राहील आणि माझा क्रमही शेवटचा नको. शनिवारी रात्री जेवून माझ्याकडे ये, दिवे बंद करून पहिल्यापासून पाहू. मच्छरसिंग आला की मी चहा टाकायला उठेन, तेवढे मात्र तुला एकट्यालाच पाहावे लागेल.