'अबीर गुलाल' हे रंगपंचमीचं गाणं नाही

आज रंगपंचमी. सकाळपासून आमच्या सोसायटीच्या मैदानात स्पीकर लागलाय आणि त्यावर 'अबीर गुलाल उधळीत रंग'चा कुठलासा नवा ठेका चालू आहे. पहिली ओळ, मग ढोल, पुन्हा पहिली ओळ, पुन्हा ढोल आणि तिथून थेट पुढचं हिंदी गाणं. कडवं एकही नाही, फाईलच तशी कापलेली आहे. नाचणाऱ्या पोरांचा यात काही दोष नाही. राग आलाय तो गाण्यांची यादी लावणाऱ्यांचा, कारण ती आषाढीला न चुकता वारीचे फोटो टाकणारी शहाणीसुरती माणसं आहेत.

जे कडवं कापलं, ते असं सुरू होतं: 'उंबरठ्यासी कैसे शिवू आम्ही जातीहीन'.

ही ओळ वाचून पुन्हा मैदानाकडे बघा. देवळाचा उंबरठा ओलांडायची ज्याला मनाई होती, त्या माणसाच्या, संत चोखामेळ्याच्या तोंडचं हे गाणं आहे. पांडुरंग आत नाचतोय, रंग तिथे उधळला जातोय आणि गाणारा बाहेर उभा आहे. अभंगातल्या जागा ओळीने पाहा. आधी उंबरठा येतो, त्याला शिवता येत नाही. मग पायरी येते: 'पायरीशी होऊ दंग गाऊनी अभंग'. मग नदीचं वाळवंट: 'वाळवंटी गाऊ आम्ही, वाळवंटी नाचू'. प्रत्येक पावलागणिक गाणारा देवापासून आणखी लांब सरकतो आणि जिथे पोचेल तिथेच नाचायचं ठरवतो. गाण्यातला आनंद खरा आहे, पण तो आत घेतलं नाही म्हणून बाहेर उभा केलेला आनंद आहे. शेवटच्या कडव्यात 'आषाढी कार्तिकी भक्तजन येती' असं स्वच्छ म्हटलंय. म्हणजे फाल्गुनाशी या गाण्याचा संबंध नाही, हे गाण्यातच लिहिलेलं आहे! तिथवर ऐकायचे कष्ट तेवढे घ्यायला हवेत.

पंढरपूरला गेलेल्यांनी महाद्वारासमोरची चोखोबांची समाधी पाहिली असेल. नामदेव पायरीच्या पुढ्यात, देवळाच्या बाहेर. गाण्यातला उंबरठा ही कल्पना नव्हे, तो तिथे दगडाचा आहे. त्याच्या आत सगळ्यांना जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावं लागलं. परंपरेप्रमाणे चोखोबांचं निधन १३३८ सालचं, मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून झालेलं. मधल्या सहाशे वर्षांचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता कुणी जाणकार म्हणतील की ही रचना चोखोबांची नसावी. बरोबर आहे, ती शंका रास्त आहे. भाषा चौदाव्या शतकाची वाटत नाही, आणि दुसऱ्या ओळीतल्या 'नाथाघरी नाचे माझा सखा पांडुरंग' मधले नाथ एकनाथ धरले तर ते सोळाव्या शतकातले. पण मग कुणीतरी नंतर चोखोबांच्या नावावर गाणं रचताना त्यांच्या तोंडी पहिला प्रश्न उंबरठ्याचाच घातला, एवढंच त्यातून निघतं. अर्थ बदलत नाही.

ही कडवी गळतात कशी, तेही सांगतो. अभंग छापलेला असतो तेव्हा त्याची बांधणी डोळ्यांना दिसते. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात. 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवूनिया' हे बोटांवर मोजून पाहा. शेवटच्या कडव्यात नाममुद्रा असते: तुका म्हणे, एका जनार्दनी, चोखा म्हणे, बापरखुमादेवीवरू. आणि तुकोबांच्या गाथेत 'ध्रु.' ही खूण बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कडव्यापुढे असते, पहिल्यापुढे नाही. म्हणजे परत परत घोळवायचं ते दुसरं कडवं. 'सुंदर ते ध्यान'चं ध्रुपद गाथेप्रमाणे 'तुळसीहार गळा कासे पितांबर, आवडे निरंतर तेचि रूप' हे आहे. चाल लावणारे मात्र पहिल्या ओळीचा मुखडा करतात, कारण गाणं त्या ओळीने ओळखलं जातं. त्यात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून मधली कडवी गाळायची सवय तेव्हापासूनच लागली. आता रील आलं आणि उरलेली कडवीही गेली.

याचा सगळ्यात मोठा फटका 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें'ला बसलाय. वृक्षारोपणाचा एक फलक या ओळीशिवाय रंगत नाही. झाडं लावा, जरूर लावा, त्याला माझी ना नाही. पण गाथा उघडून ध्रुपद वाचा: 'येणें सुखें रुचे एकांताचा वास, नाही गुण दोष अंगा येत'. तुकोबा लोकांपासून लांब निघून आलेत. माणसांत राहिलं की गुणदोष अंगाला चिकटतात, इथे चिकटत नाहीत, म्हणून झाडं सोयरी. आभाळ मंडप, पृथ्वी आसन, हरिकथेचं भोजन. आणि शेवट? 'तुका म्हणे होय मनासी संवाद, आपुला चि वाद आपणांसी'. एक माणूस रानात बसून स्वतःशीच भांडतोय! केवढा एकटेपणा आहे त्यात आणि केवढी ताकद. तो सगळा सोडून आपण ओळीखाली नगरसेवकाचा फोटो लावतो.

हे लिहितानाही खाली तेच वाजतंय. आता त्याला 'अवघा रंग एक झाला' जोडलंय. हे तर किशोरीताई आमोणकरांनी घराघरांत पोचवलेलं. नावात रंग आहे म्हणून यादीत आलं, दुसरं कारण दिसत नाही. हा अभंग सोयराबाईंचा, चोखोबांच्या पत्नीचा. 'मी तूंपण गेलें वायां', मग 'देही असोनि विदेही', आणि शेवटी 'पाहतें पाहणें गेलें दूरी'. पाहणारा आणि पाहणं दोन्ही नाहीसं झालं, इथवर त्या पोचतात आणि मग सही करतात: 'म्हणे चोखियाची महारी'. मी-तूपण संपलं असं सांगणाऱ्या बाईने जगाने चिकटवलेली ओळख शेवटच्या चरणात तशीच, उघड ठेवलीय. 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध' हेही त्यांचंच. 'देहींचा विटाळ देहींच जन्मला' हा त्याच अभंगातला पुढचा चरण वाचा आणि सांगा, पिचकारी भरताना ही बाई लावायची का?

असो. सगळीकडेच संताप करण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी लोकांचा गैरसमज इतका निष्पाप असतो की रागवता येत नाही. पाऊस सुरू झाला की 'घनु वाजे घुणघुणा, वारा वाहे रुणझुणा' हमखास येतं. खिडकी, थेंब, चहाचा कप. चाल आणि लताबाईंचा आवाज इतका ओला आहे की पाऊस आठवणारच. पण ज्ञानोबांची ही विरहिणी आहे, म्हणजे विरहात पोळणाऱ्या स्त्रीचं गाणं, आणि विरहिणीत गारव्याची प्रत्येक गोष्ट उलटी होते. चांदणं, चाफा, चंदन, देवकीनंदनाशिवाय काही नको. 'चंदनाची चोळी माझें सर्व अंग पोळी'. फुलांची शेज आगीसारखी. कोकिळेलासुद्धा गप्प करा असं ती सख्यांना सांगते. म्हणजे पावसाळी वातावरणाची जी जी सुखं आपण रीलवर मांडतो, ती एकेक करून तिने नाकारलेली आहेत. आणि शेवटचं कडवं मला आजही पुरतं झेपत नाही: 'दर्पणीं पाहतां रूप न दिसे वो आपुलें, बापरखुमादेवीवरें मज ऐसें केलें'. आरशात बघावं तर स्वतःचं रूपच दिसत नाही. विरहाची तक्रार म्हणून सुरू झालेलं गाणं इथे अद्वैतात शिरतं, तेही एका ओळीत, काही न समजावता. सगळं ऐकायला फार वेळ लागत नाही हो. दिवा मालवून एकदा शेवटपर्यंत ऐका.

भारुडांची गोष्ट थोडी वेगळी. 'विंचू चावला' लागलं की लोक कंबर धरून नाचतात, 'सत्वर पाव गे मला' लागलं की सासवासुनांच्या कोपरखळ्या सुरू होतात. हसू यावं म्हणूनच नाथांनी ती तशी रचली, हे मान्य. हसवून माणसं गोळा करायची ही त्यांचीच रीत. पण नाथ तिथे थांबत नाहीत. विंचवाचा सगळा क्रम एखाद्या उपचारासारखा नीट लावलेला आहे. चावा कसला, तर 'काम क्रोध विंचू चावला'. लक्षण काय, तर 'तम घाम अंगासी आला'. उतारा काय, तर तमोगुण मागे सारायचा आणि सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा. इथपर्यंत पुष्कळांना माहीत असतं. मला सगळ्यात आवडतं ते त्यापुढचं: 'किंचित राहिली फुणफुण, शांत केली जनार्दनें'. उतारा दिल्यावरही थोडी ठणक उरतेच. ती स्वतःच्या प्रयत्नाने जात नाही, तिथे गुरू लागतो. माणसाचा स्वभाव किती बारकाईने पाहिलाय! नाचाच्या आवृत्तीत हीच ओळ हटकून गळते, कारण तिथवर ठेका चढलेला असतो आणि ही ओळ त्याला उतरवते.

'सत्वर पाव गे' मध्ये सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर आणि शेवटी दादला, सगळ्यांना एकेक करून वाटेला लावायची प्रार्थना आहे. कोण म्हणजे कुठला विकार, हे कीर्तनकार आपापल्या परीने लावतात. पण शेवटावर वाद नाही: 'एका जनार्दनी सगळेंचि जाऊं दे, एकलीच राहूं दे मला'. सगळे पाश सुटून उरलेला एकटा जीव. हे ऐकून झाल्यावर सासवांवर खुशाल हसा.

आता सावरकरांच्या 'सागरा प्राण तळमळला'बद्दल, कारण इथे चूक साधी नाही. भाषणांत, स्पर्धांच्या निवेदनांत, पोस्टरवर दरवेळी ऐकतो की हे अंदमानच्या कोठडीत लिहिलं. नाही! ही कविता १९०९ सालच्या डिसेंबरातली, इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावरची. अटक १९१० मधली, मार्सेयची उडी त्याच वर्षी जुलैत, अंदमान १९११ मध्ये. तारखा बदलल्या की कवितेचा सूरच बदलतो, म्हणून हे महत्त्वाचं. कोठडीतला कैदी म्हटला की आपण ती रडवी विनवणी करून गातो. प्रत्यक्षात हे समुद्राशी केलेलं कडकडीत भांडण आहे.

कडव्याकडव्याने बघा. पहिल्यात समुद्राने दिलेला शब्द आहे: चल, जग पाहू, मीच पाठीवरून नेईन आणि लवकर परत आणीन. आईच्या मनात तेव्हाच शंका आली होती, तिला त्याने वचन दिलं. दुसऱ्यात फसगत: पिंजऱ्यात सापडलेला पोपट, पाशात अडकलेलं हरीण. तिसऱ्यात 'आईची झोपडी प्यारी' येते. शाळेत तेवढंच पाठ असतं आणि तिथेच डोळे पुसले जातात. पण त्याच कडव्याच्या शेवटी समुद्राला त्याच्या लाडक्या नदीच्या विरहाची शपथ घातलेली आहे. आणि चौथ्यात कवी पुरता खवळलाय. फेसाच्या निमित्ताने हसतोस काय, इंग्लंडला भिऊन वचन मोडतोस काय, माझी आई अबला समजून फसवतोस काय? 'अबला न माझी ही माता रे', आणि मग थेट धमकी: ती अगस्तीला सांगेल, जो तुला एका आचमनात प्यायला होता.

म्हणजे ज्या समुद्राकडे आपण विनवण्या करत बसतो, त्याला अगस्तीकडून पिऊन संपवण्याची भाषा या कवीने केलीय. शिवाय त्या काळात समुद्रावर सत्ता कुणाची होती, हे आठवलं की धमकी कुणाला होती तेही कळतं. यात रडका सूर लावायला जागाच नाही. गळा काढून ही कविता म्हणणाऱ्या मुलांना बक्षिसं मिळतात तेव्हा परीक्षकांनी चौथं कडवं वाचलं होतं का, हा प्रश्न पडतो. पाठ करायला अवघड आहे, संस्कृत समास जड आहेत, हे कबूल. 'मार्गज्ञ स्वये मीच' म्हणताना मोठ्यांची जीभ अडखळते.

तरी कार्यक्रम बसवणाऱ्या मित्रमैत्रिणींना हात जोडून सांगतो. अभंग घेतलात तर गाथा काढून नाममुद्रेचं कडवं आधी वाचा आणि ते गाळू नका. भारूड घेतलंत तर 'एका जनार्दनी'पर्यंत पोचा, ठेका थोडा उतरला तरी चालेल. आणि 'सागरा' बसवताना वेळ कमी पडला तर पोपट-हरणाचं दुसरं कडवं सोडा, मुलांना समास तोडून शिकवा, पण अगस्तीचं कडवं ठेवा आणि तिथे आवाज खाली आणू देऊ नका.