बैलाचा वाटा

माझी गाडी ठोकली गेली त्या क्षणी मी आयुष्यातला सर्वांत सुरक्षित ड्रायव्हर होतो, कारण मी उभा होतो. पणजीहून फोंड्याला परतताना, बाणास्तारीचा पूल ओलांडून भोम गावात शिरलं की रस्ता एकदम अंग चोरतो. दोन्ही बाजूंना घरं, दुकानं, देऊळ, आणि मधून बेळगावला निघालेले ट्रक. त्या रस्त्याच्या बरोबर मधोमध एक बैल बसला होता. पावसाळ्यात ओल्या गवतापेक्षा डांबर कोरडं आणि उबदार लागतं, हे त्याला कळतं, सार्वजनिक बांधकाम खात्याला कळत नाही. मी थांबलो. माझ्यामागचा थांबला नाही.

‘धडाम’ वगैरे काही झालं नाही. पत्र्याच्या डब्यावर नारळ पडावा तसा आवाज आला. बैलाने डावा कान एकदा हलवला आणि रवंथ पुढे चालू ठेवलं.

गोव्यात अपघात झाला की माणूस समोरच्याचं तोंड नंतर बघतो, आधी नंबरप्लेट. परराज्यातली असेल तर आवाज वरच्या पट्टीत लावायला मुभा असते. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी असली, तर सगळा गाव न विचारता आपल्या बाजूने उभा राहतो. पण ही निघाली जीए ०५. फोंडा. माझीही जीए ०५. ओठावर आलेली शिवी गिळावी लागली. कुणास ठाऊक, त्याची आत्या आपल्या वाड्यावर राहत असायची.

“ब्रेक कित्याक मारलो?” म्हणजे ब्रेक का मारला, तो उतरता उतरताच म्हणाला.

मी बैलाकडे बोट केलं. त्याने बैलाकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू तो मी घरून आणला होता. तेवढ्यात मागे अडकलेल्या खाजगी बसचा कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला, “गाडी कुशीक काड रे!” बसमधल्या लोकांनी खिडक्यांतून मुंड्या बाहेर काढून निकालही देऊन टाकला. उजवीकडच्या खिडक्या माझ्या बाजूने होत्या, डावीकडच्यांना काहीच दिसत नव्हतं, म्हणून त्या त्याच्या बाजूने.

कुणाला खरचटलंही नव्हतं. फोटो काढले, गाड्या बाजूला घेतल्या, आणि मग गोव्यातल्या प्रत्येक भांडणाचा शेवट ज्या प्रश्नाने होतो तो त्याने विचारला, “तुमी खंयचे?” मी म्हटलं, बांदोडा. तो म्हणाला, म्हार्दोळ. पुढच्या चार मिनिटांत असं सिद्ध झालं की त्याच्या बायकोची मावशी म्हणजे माझ्या चुलत वहिनीची सख्खी मामी. संपलं. ज्याच्याकडून पैसे वसूल करायचे तो माणूस नात्यात निघणं, याच्याइतका मोठा अपघात नाही. “पैशांचें हांव पळयतां,” म्हणजे पैशांचं मी बघतो, असं म्हणून तो गेला. आपण पैशांकडे नुसते पाहणार आहोत, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो हे मला नंतर सुचलं.

घरी येऊन विमा कंपनीला फोन लावला. नऊ आकडे दाबल्यावर एक गोड आवाज आला. अपघात कुठे झाला? गोव्यात. “अच्छा! सर ट्रिप पे आए हैं?” मी इथेच जन्मलो, हे तिला पटवायला दोन मिनिटं गेली. गोव्यात माणसं राहतात, ती ऑफिसला जातात, त्यांना दात दुखतात, हे या फोनच्या पलीकडे कुणालाच ठाऊक नसतं. “भोम” तिने तीन वेळा “भीम” असं लिहिलं. धडक कशाला दिली? मी नाही, मला दिली. पुढे काय होतं? बैल. “बैल को कुछ हुआ?” नाही. “बैल का मालिक?” त्याचा पत्ता बैलालाही ठाऊक नसेल.

मग फॉर्म आला. ‘अपघाताचे वर्णन थोडक्यात’ या मथळ्याखाली तीन बोटं जागा. मी मराठीचा निवृत्त मास्तर. तीन बोटांत माझं तर वातावरणसुद्धा मावत नाही. पण खरी परीक्षा खालच्या चौकोनात होती: अपघाताचं रेखाचित्र काढा. दोन्ही गाड्या साबणाच्या वड्यांसारख्या झाल्या. बैलावर मात्र मी मेहनत घेतली. शिंगं, वशिंड, पुढचे पाय दुमडलेले. दोन दिवसांनी सर्व्हेअर आला, त्याने बंपरखाली वाकून मोबाईलने अकरा फोटो काढले, मग माझा कागद उलटासुलटा करून विचारलं, “हा कुत्रा कुठून आला?”

सर्व्हेअर भला माणूस होता. त्याने नीट समजावलं. सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा. तो दुसऱ्याचं नुकसान भरतो. म्हणजे माझा बंपर खरं तर त्या म्हार्दोळवाल्याच्या कंपनीने भरायला हवा. पण कंपनी कबूल झाली नाही, तर त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं, वकील करायचा. एका बंपरसाठी, आणि तेही वहिनीच्या मामीच्या भाचेजावयाविरुद्ध! त्यापेक्षा आपल्याच पॉलिसीतून घ्या, तो म्हणाला. तिथे चूक कुणाची हे कुणी विचारत नाही, फक्त खोटं सांगू नका.

मी खुश झालो. मग त्याने घसारा सांगितला, म्हणजे वापरून जुन्या झालेल्या भागाची कापली जाणारी किंमत. प्लास्टिक असेल तर अर्धे पैसे कापणार. रबर, टायर, बॅटरी, तेही अर्धे. पत्रा गाडीच्या वयाप्रमाणे. काचेला मात्र घसारा नाही, पूर्ण पैसे. आता त्या माणसाला पुन्हा बोलावून काच फोडायला सांगणं बरं दिसलं नसतं. “झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच, घेतलं नव्हतं का?” सर्व्हेअरने विचारलं. घेतलं नव्हतं. नूतनीकरणाच्या वेळी एजंटने सुचवलं होतं, आणि मी ते बाराशे रुपये वाचवून इसवण, म्हणजे सुरमई, आणलं होतं. इसवण फार छान होतं, एवढंच या बाबतीत म्हणता येईल.

रात्री बायकोने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. ती बँकेतून निवृत्त झाली आहे. कंपनीच्या गॅरेजचा अंदाज १६,२०० रुपये. बंपर ५,६०० चा, अर्धे गेले. मागचा दिवा ३,२०० चा, अर्धे गेले. डेंटिंगचे ३,००० पूर्ण. पेंटिंग ४,४००, त्यातून रंगाच्या घसाऱ्याचे ५५० वजा. सक्तीची वजावट १,०००. हाती १०,२५०. “वाईट नाही,” मी म्हणालो. “थांब,” ती म्हणाली. माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर पोहोचला होता. क्लेम घेतला की तो पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा पायऱ्या चढत ५० वर. ८,००० च्या हप्त्यावर तिने पाच वर्षांची गमावलेली सूट मांडली: चार हजार, चोवीसशे, दोन हजार, बाराशे, चारशे. बेरीज १०,०००.

“म्हणजे पाच वर्षांत आपल्याला अडीचशे रुपये फायदा,” ती म्हणाली. “तेवढ्याची झेरॉक्स झाली.”

दुसऱ्याच दिवशी मी क्लेम मागे घेतला.

मग म्हार्दोळवाल्याने आपला माणूस सुचवला, कुर्टीचा मेकॅनिक. तो ९,००० त करतो म्हणाला, दिवा जुना पण चालू, बंपरला प्लास्टिकचं वेल्डिंग. फक्त चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठवड्यावर आली होती. चवथीच्या आधी गोव्यात कुणीही काहीही सुरू करत नाही; जे सुरू असतं तेही बंद करतात. “चवथ जातकच,” म्हणजे चवथ झाल्यावरच, तो म्हणाला, आणि तोवर चालवायला म्हणून फुटलेल्या दिव्यावर मखराच्या सजावटीतला लाल जिलेटीन कागद चिकटवून दिला. रात्री माझी गाडी मागून विसर्जनाला निघाल्यासारखी दिसायची.

पैशांचा विषय मीच काढला, फोनवर. म्हार्दोळवाल्याने विचार करून ठेवला होता. “तीन वाटे करू. एक तुमचा, एक माझा, एक बैलाचा.” बैलाचा वाटा कोण भरणार हे विचारायच्या आत फोन कटला.

चवथीच्या दिवशी तो सहकुटुंब दर्शनाला आला. डबाभर नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आणि मुलाच्या हातात माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीला, बांधायला एक लहानसं तोरींग, पपनसासारखं फळ. आता याला बैलाचं काय विचारायचं? देवाला नमस्कार करून तो माझ्याशेजारी बसला आणि हळूच म्हणाला की त्यानेही आपल्या बॉनेटचा क्लेम टाकला आहे, आणि त्यात लिहिलंय की बैल अचानक धावत आला. कंपनीचा माणूस मला फोन करील.

“अहो, त्याने काही फरक पडत नाही. तुमच्या गाडीला चूक कुणाची ते लागतच नाही,” मी सर्व्हेअरचं सगळं ज्ञान त्याला ऐकवलं. त्याला ते पटलं नाही. त्याच्या मेव्हण्याने वेगळं सांगितलं होतं.

फोन खरंच आला, सणाच्या दिवशी, आरतीच्या आधी. “सर, एकच प्रश्न. बैल बसला होता की धावत होता?”

समोर तो अर्धी नेवरी हातात धरून माझ्याकडे बघत होता. त्याची बायकोही. त्यांच्या मागे माझी बायको, कॅलेंडरच्या शेजारी.

“बसलाच होता,” मी म्हणालो. “पण उठायच्या बेतात होता.”