एन्ट्री फीचे पैसे आयोजकाच्या खिशात जातात?

डिस्क गोल्फ, म्हणजे चेंडूऐवजी चकती (डिस्क) फेकून ती बास्केटमध्ये टाकायचा गोल्फसारखा खेळ. तो खेळणाऱ्यांत एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं : एन्ट्री फी आयोजक ढापतात, हौशी खेळाडूंना रोख न देता डिस्क देऊन बनवतात, बक्षिसं वरच्या दोघा-तिघांतच संपतात आणि हा सगळा प्रकार जुगारच आहे.

आधी ढापण्याचं बघू. पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) या संघटनेच्या मान्यतेच्या स्पर्धेत फीमधून संघटनेचं प्रतिखेळाडू शुल्क आणि कोर्सचा, म्हणजे मैदानाचा, वगैरे खर्च वजा होतो. उरलेल्यातून प्रो (व्यावसायिक) गटाचं पेआउट, म्हणजे बक्षिसाची रक्कम, निघतं. समजा, 20 प्रो खेळाडूंनी प्रत्येकी 60 डॉलर भरले. 1200 डॉलर जमले, प्रत्येकामागे 5 डॉलर वजा झाले, म्हणजे 1100 उरले. ते फिरून खेळाडूंकडेच जातात. प्रायोजकांनी वगैरे बाहेरून भर घातली तरच पेआउट भरलेल्या पैशापेक्षा मोठं होतं. तक्रार करायचीच तर प्रायोजक कमी मिळतात याची करा. ती रास्त आहे.

हौशी गटाचा मुद्दा यापेक्षा गुंतागुंतीचा आहे आणि मजकुरात नेमका तोच अर्धवट सांगितलाय. हौशींना रोख मिळत नाही, हे खरं. पण तो आयोजकाचा कावा नाही, हौशी दर्जाचा नियमच तसा आहे : प्रो गटात उतरून रोख घेतली की खेळाडू प्रो ठरतो. नाकारली, तर हौशी राहतो. हौशींना माल किंवा व्हाउचर मिळतं, त्याचा हिशेब दुकानातल्या किमतीने होतो आणि सुरुवातीला हातात पडणारा प्लेअर पॅकही त्यात धरला जातो. आयोजक माल घाऊक भावात घेतो. 18 डॉलरची डिस्क त्याला, समजा, 10 ला पडली, तर मधले 8 डॉलर त्याचे. हे कुणी लपवत नाही. फलक, ट्रॉफ्या आणि महिनोन्‌महिन्यांची धावपळ बहुतेक याच फरकावर निभते. ज्यांना डिस्कचा ढीग नको, त्यांच्यासाठी कमी फीच्या, फक्त ट्रॉफी देणाऱ्या स्पर्धाही होतात. माझं मत विचाराल तर त्या वाढायला हव्यात, पण नोंदणीच्या वेळी लोक प्लेअर पॅकमध्ये काय आहे हेच आधी विचारतात!

वरच्या दोघा-तिघांतच बक्षिसं संपतात, हे तर साफ चूक. प्रो गटात साधारण वरच्या 40 टक्के खेळाडूंना पैसे मिळतात, म्हणजे 20 जणांत आठ. पैसे मिळणाऱ्यांतल्या शेवटच्याला बहुधा फीइतकेच परत येतात, हे मात्र खरं. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर बरोबरी झाली, तर दोन्ही जागांची रक्कम एकत्र करून निम्मी-निम्मी वाटतात. फक्त पहिल्या जागेसाठी प्लेऑफ, म्हणजे निकाल लागेपर्यंत जादा खेळ, होतो.

जुगाराचा आरोप एस पूलला, म्हणजे खेळाडूंनी वेगळे पैसे भरून जमवलेल्या गल्ल्याला, थोडाफार चिकटेल. सुरुवातीच्या एकाच फेकीत डिस्क थेट बास्केटमध्ये गेली (यालाच एस म्हणतात), तर तो गल्ला त्या खेळाडूचा. पण एस पूलचे पैसे वेगळे भरायचे असतात आणि तेही ऐच्छिक. नको असेल तर भरू नका, स्पर्धा तरीही खेळता येते.