मांजराच्या चित्रात सण कुठे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. जपानी काष्ठठशांतल्या, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांतल्या, सणांवर लिहिताना मी चित्रकार हिरोशिगेचं खिडकीतल्या मांजराचं चित्र घेतलं, ज्यात सण औषधालाही नाही. आणि ही चित्रं सोबाच्या (जपानी शेवयांच्या) वाडग्याच्या भावात विकली जायची, तेव्हा त्यांत एवढा अर्थ शोधणं म्हणजे बादरायण संबंध.

सण आहे, फक्त नखाएवढा आहे. चित्र १८५७चं, ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ या मालिकेतलं; एदो म्हणजे आजचं टोकियो. मांजर ज्या गजांतून बघतंय, त्यांतून तुम्हीही खाली बघा. भातखाचरांतून माणसांची काळसर रांग चालली आहे, डोक्यांच्या वर दाताळी. ही एदोतल्या असाकुसा भागाची तोरी-नो-माची जत्रा, अकराव्या महिन्यात पंचांगातल्या कोंबड्याच्या दिवशी भरणारी. वर्षभर पैसा ओढता यावा म्हणून दुकानदार तिथून सजवलेलं बांबूचं दाताळं नेतात.

आता खिडकीच्या आत या. खोली योशिवारातली, म्हणजे एदोच्या वेश्यावस्तीतली. जमिनीवर कागदात दाताळ्याच्या आकाराचे केसांत खोचायचे काटे, बहुधा गिऱ्हाइकाने जत्रेतून आणलेले. कट्ट्यावर पाण्याचं भांडं नि पंचा. योशिवाराची एरवी बंद असणारी बाकीची दारंही जत्रेच्या दिवशी उघडत आणि लोंढा आत येई. बाहेरच्यांचा सण, आतल्या बायकांचा कामाचा दिवस. या खोलीतली बाई हिरोशिगेने दाखवलेलीच नाही. गर्दी त्याला जमत नव्हती म्हणून हे असं, असं म्हणायची सोय नाही; र्‍योगोकू पुलावरच्या आतषबाजीला जमलेली माणसं त्याने भरपूर काढली आहेत.

त्याच मालिकेतलं तानाबाताचं, म्हणजे बांबूला मागणी बांधायच्या सणाचं, चित्र तर माणसांवाचूनच आहे. छपरांवर बांबू, त्यांना कागदाच्या पताका, आणि त्यांत चक्क हिशेबाची वही नि मणीपाटी! व्यापाऱ्यांच्या वस्तीतला सण आहे, मागणंही तसंच. १८५५च्या भूकंपात एदोची वाताहत झाली होती, मालिका पुढच्याच वर्षी सुरू झाली. त्यामुळे मला तरी तिथे पताकांआधी धड उभी असलेली छपरं दिसतात. हे माझं वाचन, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

किमतीचं म्हणाल तर, स्वस्त होती हे खरंच. पण आकाशाचा उतरत जाणारा रंग छापणारा प्रत्येक प्रतीसाठी ओल्या ठशावर हाताने पुसून काढायचा. मांजराच्या चित्राच्या चांगल्या प्रतींत तर त्याच्या पाठीचा गुबगुबीतपणा शाईशिवाय, नुसता कागद दाबून उठवलेला आहे.

आणि या चित्रांत कोणी अर्थ शोधत नसे, हे तुम्ही शोगुनच्या (जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या) अधिकाऱ्यांना सांगायला हवं होतं. १८०४ साली उतामारो या चित्रकाराने सोळाव्या शतकातला सत्ताधीश हिदेयोशी आपल्या बायकांसह चेरीचा बहर बघतोय असं चित्र काढलं. वरवर बघता नुसती सहल! पण हिदेयोशीच्या काळातली माणसं नावानिशी दाखवायला बंदी होती. उतामारोला अटक झाली आणि पन्नास दिवस हातात बेड्या घालून ठेवलं.